काट्यावरच्या कॉम्प्युटरचा आकडा

घोडेगाव,
३ डिसेंबर २०२४

मुजफ्फर दोस्ता,

सलाम आणि रामराम. तिकडे अकोल्यात बहिणीकडे थंडी असेल. अरफावहिनी, लेकरं बरी ना? आई रोज तुझ्या हाताचं विचारते. मी म्हणतो, बरा आहे. मला कुठं माहीत?

वजनकाटा बंदच आहे. काल कंपनीचा माणूस आला. दोन मिनिटांत त्याने काट्यावरच्या कॉम्प्युटरमधला सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा दाखवला. जुना होता. दुरुस्तीचा पॅच टाकायलाच हवा होता. त्याच्याशिवाय आधीच्या गाडीचं रिकामं वजन पुढच्या गाडीला लागतं, म्हणून आप्पासाहेबांचा कांदा दोन क्विंटल कमी भरला. तू चोरी केली नव्हतीस.

खंडेनवमीला कंपनीचा मेसेज आला होता, आकडा जुना असेल तरच पॅच टाका म्हणून. तू म्हणालास, "काट्यावरचा बी बघू, ज्ञाना. घरचा आन् ह्यो, दोन्ही एका वर्षाचे न्हाईत." पण काट्यावरच्या कॉम्प्युटरला मी झेंडूचा हार घातला होता. पूजेला लावलेलं यंत्र चालू करायचं नाही म्हणून तुझ्यावर खेकसलो, घरच्या कॉम्प्युटरचा आकडा पाहिला आणि गरज नाही म्हणून मोकळा झालो. दसऱ्यानंतर तू दोनदा आठवण केलीस. मालक मी ना, ऐकतो कशाला.

कांदा कमी भरला त्या सकाळी आप्पासाहेबांनी तुझी गचांडी धरली. त्यांच्याबरोबरच्या चौघांनी तुला काट्याच्या खोलीच्या खिडकीतून ओढलं, काचेने कान फाटला. लाथा बसत होत्या. तोंडात रक्त, तरी माझ्याकडे पाठ करून तू त्यांना म्हणालास, "मारा, पन आदी ऐका. त्या पॅचचं..."

इथवर तुला ठाऊक आहे.

पुढे माझं नाव येणार होतं. टेम्पोच्या पायरीवरची, चाक खोलायची लोखंडी टॉमी मी उचलली आणि तुझ्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तू पडलास, तरी पुन्हा मारली. तुझा राग आला होता मला, तू बरोबर होतास म्हणून. त्या झोंबाझोंबीत कोणाला काही दिसलं नाही.

तू पोलिसांना आप्पासाहेबांचं नाव दिलंस. म्हातारा कोठडीत आहे. काल त्यांच्या मालनबाई माझ्या दारात बसल्या. म्हणाल्या, "गचांडी धरली, व्हय. पन टॉमी त्यांनी न्हाई मारली. तुमी हुता ना तितं?" मी आत जाऊन कडी लावून घेतली.

आज दहाला पोलीस ठाण्यात जातोय. टॉमी गोणपाटात गुंडाळून घेतली आहे, धुतलेली नाही. माफ कर म्हणायला तोंड नाही मला. तुला कागद धरता येत नसेल, वहिनींकडून वाचून घे.

तुझा हात मोडणारा,
ज्ञानेश्वर