भट्टीच्या दाराची फट

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरच वाकलो असं समज). तुझा गुडघा, भाऊजींचं ब्लडप्रेशर आणि त्यांची गाडी, तिघांची प्रकृती बरी असेल अशी आशा करतो.

मी प्रयोगशाळेत नेमकं करतो काय, हे तू विचारलं होतंस. भाऊजी म्हणतात ‘रबर शिजवतो’, आणि ते काही खोटं नाही. गाडीच्या रेडिएटरचा रबरी पाइप उष्णतेनं कडक होऊन तडकतो. तो तडकू नये म्हणून मिश्रणात काय घालावं, हे मी चार वर्षं शोधतोय. नव्या रबराच्या पट्ट्या दीडशे अंशांच्या भट्टीत आठवडाभर टांगायच्या, मग वाकवून बघायच्या. दर वेळी वाळक्या काटकीसारख्या मोडायच्या. चार महिन्यांपूर्वी अचानक एकही मोडेना. मी हवेतच होतो (मागच्या भेटीत तीन दिवस दुसरं काही बोललो नाही, तू ऐकलंसच). साहेबांनी अहवाल लिहायला घेतला, माझ्या बढतीचंही निघालं.

परवा झाडलोट करणाऱ्या मावशी भट्टीच्या दारापाशी हात शेकताना दिसल्या. म्हणाल्या, “चार महिने रोज शेकते की. फटीतून बरी ऊब येते.” खाली वाकून पाहिलं (कंबर तिथेच धरली). दाराची रबरी पट्टी उष्णतेनं तडकून पार गेली होती. तीही आमच्याच कंपनीची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. भट्टीचा काटा मागच्या बाजूचे दीडशे दाखवायचा, आणि माझ्या पट्ट्या दाराजवळ, तिथे जेमतेम नव्वद. म्हणजे रबर सुधारलं नव्हतं, भट्टी बिघडली होती.

फार लाज वाटली, पण साहेबांना सगळं सांगितलं. अहवाल फाडत ते एवढंच म्हणाले, “वेळेवर बोललात. हे रबर बाहेर कुठे गेलेलं नाही ना?” मी नाही म्हणालो. बढतीचं आता कुणी काढत नाही.

बाकी सगळं ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : ते ‘नाही’ खरं नव्हतं. भाऊजींच्या गाडीत मी हौसेनं बसवून दिलेला पाइप त्याच रबराचा आहे. गावात फिरताना टिकेल, पण रविवारी सहलीला निघालात की चढावर इंजिन तापेल आणि तो दगा देईल. मी शनिवारी येतो. तोवर गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात ठेव. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन भाऊजी उचलतात.

आणखी एक : जुना पाइप डिकीत, स्टेपनीखाली आहे. तो काढताना भाऊजी म्हणाले होते, “चांगला आहे की, कशाला बदलतोस?” हे त्यांना आठवणार नाही, एवढं बघ.