सगळ्या डब्ब्यांत टिक

मंगळवार, संध्याकाळ. रुआबांधा.

गेल्या आठवड्यात घरी प्रेझेंटेशन सेव्ह करताना कम्प्युटरनं सांगितलं होतं, लायसन्समुळे हा फॉन्ट फाइलसोबत जाणार नाही. मी ओके दाबून मोकळी झाली. धड वाचलं कावून नाही मी?

त्यात गॅस लाइनच्या व्हॉल्व्हचा तक्ता होता. जो उघडायचा त्याच्यापुढे टिक, ज्याले हात लावायचा नाही त्याच्यापुढे फुली. दोन्ही खुणा त्याच फॉन्टच्या. आज ऑफिसात पडद्यावर पाहते तर दोन्हींच्या जागी सारखेच रिकामे डब्बे. सगळे हसले. मीही हसली.

मग आमचे सुपरवायझर साहूजी म्हणाले, "मॅडम, वो पन्ना तो मैंने शुक्रवार को ही छापके लाइन पर चिपका दिया. डब्बे खाली थे, तो पेन से सबमें टिक लगा दिया."

सबमें.

लगेच जाऊन त्यांनी कागद काढून आणला, माझ्यासमोर फाडला. लाइन अजून बंद आहे, गॅस उद्या सकाळी सोडणार, म्हणून वाचलो. असं मी दुपारपासून स्वतःले सांगून राहिली. पण ते डब्बे डोळ्यांपुढून जात नाहीत. सगळ्यांत टिक!

आता दादा ड्युटीवरून आला. त्याच लाइनवर असते तो. विचारलं, तो तक्ता पाहिला होता का रे?

"पाहिला ना," बूट काढता काढता तो हसला. "तू बनवला म्हणून पाठच करून टाकला. सकाळच्या शिफ्टवाल्यायलेही शिकवला."