शिंगरीचा रंग

दिनांक ९ मे १९८९

वकीलसाहेब, मृत्युपत्राबद्दलच्या तुमच्या पत्रांना दोन वर्षं उत्तर दिलं नाही, त्याबद्दल क्षमा मागते. गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. आता टाळून चालणार नाही.

मी, ओदील मार्शंदो, वय सेहेचाळीस, अविवाहित, राहणार ला फ्रेने वस्ती, पेर्श, फ्रान्स, पूर्ण शुद्धीवर आहे. रागातही आहे, म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा तपासून लिहीत आहे.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा थोरला भाऊ फिर्मँ याला द्यावा. छप्पर गळतं, हे त्याला ठाऊक आहे.

२. माझ्या रोजनिश्या जाळू नयेत. १९७८ची वही फिर्मँने वाचावी. न वाचल्यास, वकीलसाहेब, तुम्ही त्याच्यासमोर मोठ्याने वाचावी.

त्या वर्षी आमच्याकडे मार्सो हे शिंगरू जन्मलं, काळंभोर. आमच्या पेर्शरॉन जातीच्या घोड्यांत पुढे करडी होणारी शिंगरंही जन्मतः काळीच दिसतात. डोळ्यांभोवतीचे केस पाहावे लागतात. हे मला बाबांनी शिकवलं, नंतर कॉलेजनेही. मला करडे केस दिसले होते.

फिर्मँ म्हणाला, "अगं बाई, चष्मा पूस आधी. काळा लिही. परदेशातल्या बग्गीवाल्याला त्याच्या काळ्या घोड्याला जोड हवीय."

नोंदणीच्या कागदावर मी काळा लिहिलं. अक्षर माझं, सही माझी. मार्सो बग्गीवाल्याकडे गेला आणि चार वर्षांत त्याच्या पुठ्ठ्यांवर करडे ठिपके उठले, मग मानेवर. जोडी बिघडली. बग्गीवाल्याने चिडून त्याला खाटकाकडे पाठवलं आणि तसं आम्हाला कळवलं. पत्र आलं तेव्हा फिर्मँ जेवत होता.

"जनावर होतं, ओदील. सुतक पाळणार आहेस का आता?" असं म्हणून त्याने पाव मोडला.

३. माझ्या मालकीची करडी घोडी ओंदीन आणि तिची तीन आठवड्यांची शिंगरी ब्रुईन नालबंद लेऑन्स गितों याला द्यावी. दोघींना खुशाल लाकडं ओढायला लावावं. पेर्शरॉनच्या पायांवर लांब केस नसतात, आमच्या चिखलात ती हलकी चालते. कामाला माझी हरकत नाही. खाटकाला मात्र विकू नये, आणि खाटकाला विकेल अशा कोणालाही विकू नये.

परवा लेऑन्स ओंदीनचा खूर तासत होता. फिर्मँ शिंगरीच्या नोंदणीचा कागद घेऊन आला. "ही काळीच ना? नवा बग्गीवाला मिळालाय."

"मालक, तिचे डोळे बघा," लेऑन्स म्हणाला. "करडा चष्माच लावलाय पोरीने."

"तू पाय बघ रे, डोळ्यांचं मी बघतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भर ना लवकर. नाहीतर गुरुवारनंतर मलाच भरावा लागेल."

माझ्या मरणाची सोय त्याने अशी कागदाच्या घाईत लावली. हे कलम न्यायासाठी लिहिते की सुडासाठी, असं मी स्वतःला विचारलं. थोडा सूड आहे. पण सूड वगळला तरी शिंगरी लेऑन्सकडेच जाते, म्हणून कलम तसंच ठेवलं.

४. बाबांचा सगळा ओढीचा साज लेऑन्सला. मार्सोच्या तोंडाला बांधायची मोरखी फिर्मँला. ती त्याच्या जेवणाच्या खुर्चीसमोरच्या खुंटीला मी आज टांगली आहे. काढायची असेल तर त्याने स्वतःच्या हाताने काढावी.

आमच्या कायद्यात अशा कागदाला साक्षीदार लागत नाहीत, स्वतःचं हस्ताक्षर पुरतं. माझ्या हस्ताक्षराचा मला अनुभव आहे, म्हणून साक्षीदार घेतले आहेत.

साक्षीदार: सिदोनी ब्रिजार, टपालवाली
साक्षीदार: अँसेल्म कोर्व्हे, शाळामास्तर

सही: ओदील मार्शंदो
ला फ्रेने, ९ मे १९८९

उद्या: नोंदणीच्या कागदावर ब्रुईनचा रंग "करडा" लिहून, फिर्मँ उठायच्या आत तो सिदोनीच्या हातात देणे.