जांभळीखालची पाच भोकं

५ मार्च
वही आणून महिना झाला. आधी पेन नव्हतं, मग पेन मिळालं तर जत्रा आली. आजपासून रोज लिहिणार.
कर्जतजवळ सात मजली इमारत व्हायचीय, तिथली माती तपासायचं काम लागलं. मी साइट इन्चार्ज. (मी आणि मशीनवाला रोहिदास.) माथेरानला घोडे झाले, साजगावचा कारखाना झाला, आता इथंच. काम नीट झालं तर कंपनीच्या तेजश्री मॅडम परमनंट करणार. नंदाताई फोनवर म्हणाली, मन्या, तू एका जागी टिकलास तर मी स्वतः पेढे घेऊन येईन रं. म्हणजे येणार नाही.

६ मार्च
मॅडमनी समजावलं. प्लॉटभर पाच खुंट्या, पाच भोकं. नळीवर हातोडा पाडायचा, फूटभर खाली जायला किती घाव लागले ते मोजायचं. पाच ठिकाणच्या आकड्यांत फरक जितका जास्त, तितका मधल्या न तपासलेल्या जमिनीचा भरवसा कमी. स्टॅटिस्टिक्स. मला लगेच समजलं. फरक पडू द्यायचा नाही.

७ मार्च
मशीन हलवायचं म्हणजे तिपाई सोडा, उन्हात ओढा, परत उभारा. पहिलं भोक जांभळीखाली. सावली, शेजारी भागूबाईंचा चहा. रोहिदासला म्हटलं, मालक एक, मग माती वेगळी कशाला असेल? तो म्हणाला, तुमी इन्चार्ज, मला काय. बाकीच्या खुंट्या जांभळीखाली आणल्या.

८ मार्च
बिझी. (नेरळला मॅच.)

१० मार्च
पाची भोकं पूर्ण. आकडे सख्ख्या भावंडांसारखे. ताईला कळवलं, परमनंट झाल्यातच जमा.

१२ मार्च
मॅडमचा फोन. मनोज, आकडे इतके सारखे कसे? म्हटलं, मेहनत. सगळे आकडे परत एकदा वाचायला लावले. भारावल्या असणार. उद्या नकाशावरच्या चार नंबरच्या खुंटीच्या मूळ जागी दुसरं मशीन पाठवतायत. हौस.

१३ मार्च, सकाळ
मशीनची लॉरी चार नंबरच्या कोपऱ्यात गेली आणि चाकं निम्मी आत. वरून कडक, खाली लोणी. जुनं तळं बुजवलंय म्हणे. चूक लॉरीची आहे. मॅडमना ठामपणे सांगणार. आधी चहा.

दुपार
मॅडमनी जांभळीखालची भोकं बघितली. एका खाटेखाली मावतील एवढ्यात पाच. म्हणाल्या, लॉरी रुतली तिथं सात मजले उभे राहणार होते, मनोज. माणसं राहणार होती. मग म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस.
लॉरीचं सांगायचं राहिलं.
रोहिदास पळत आलाय. म्हणतोय, गेटवर रिक्षातून एक बाई उतरल्यात, हातात पेढ्यांचा बॉक्स हाय, मन्या कुठं बसतो ते मॅडमनाच विचारतायत.