उलट फोन

बाबा, परवा तुमच्या नातवाच्या आवाजात मला एक फोन आला, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी दिवसभर तुम्हीच आठवत राहिलात.

पेणच्या स्वयंपाकघरात मी बिरड्याचे वाल सोलत बसले होते. अनोळखी नंबर होता. उचलला तर तो रडत होता. "आई, मला पकडलंय गो, काहीतरी कर." मग दुसराच कुणी बोलू लागला, पोलीस असल्यासारखा, दरडावून. मुलगा ताब्यात आहे, आत्ता पैसे पाठवले तर केस होणार नाही. "फोन कट करू नका, आणि घरात कुणाला सांगू नका." मी हात पदराला पुसले आणि पैसे कसे पाठवायचे ते विचारलंसुद्धा. तो सांगत होता, मी ऐकत होते. मध्येच पुन्हा म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही." तेव्हा मला डोळ्यांपुढे रोह्याच्या स्टँडजवळचं आपलं एसटीडी बूथ दिसलं.

रविवारी संध्याकाळी धाटावच्या कंपन्यांतली पोरं तिथे रांग लावायची. काचेच्या दारामागे प्रत्येक जण आपापल्या गावाशी बोलायचा आणि तुम्ही काही ऐकू येत नसल्यासारखे पेपर वाचत बसायचात. शाळा सुटली की मी तुमच्या शेजारी. एकदा कुणीतरी फोनवर तुमची चौकशी केली आणि मी सांगून टाकलं, बाबा पेणला गेलेत, घरी आई एकटीच आहे. तुम्ही परत आल्यावर रागावलात. "त्यानं नाव सांगायच्या आधी तू त्याला आपलं अख्खं घर दाखवलंस." तुमचा आवाज चढला नव्हता, तरी मी रडले होते.

आणि ती बाई. खाडीकडची, मिठागरात राबणारी. इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस तिच्याबरोबर होता. तिचा नवरा मुंबईत कामावर पडला, इस्पितळात आहे, असं सांगत तो तिच्या दारात आला होता. तिनं मंगळसूत्र काढून द्यायचं आणि त्यानं ते मोडून तिकडे पैसे भरायचे. बाई हट्टानं आधी बूथवर आली होती. तो बाहेरून घाई करतोय, गाडी सुटेल म्हणतोय. तुम्ही तिच्यापुढे स्टूल सरकवता.

"बस गो बाय. नवऱ्याचा ठावठिकाणा हाय का काय?"

"मुकादमाच्या दुकानाचा नंबर हाय."

तुम्ही नंबर फिरवता. पलीकडे कुणीतरी हाक मारायला जातं. बाई गळ्याशी हात घट्ट धरून उभीच. मग तिचा चेहरा उजळतो. "बरा हाय म्हणतो," ती तुम्हाला सांगते आणि आता स्टुलावर बसते. आम्ही बाहेर पाहिलं तेव्हा इस्त्रीवाला निघून गेला होता. तुम्ही मला म्हणालात, "खरं असेल ते आपण उलट फोन केला तरी खरंच निघतं. मग घाई कसली?"

परवा मी त्या पोलिसाचा फोन कापला. तो लगेच वाजू लागला, वाजतच राहिला. पोराला लावला तर बंद. तो काम करतो त्या प्लांटमध्ये फोन नेऊ देत नाहीत हे मला माहीत आहे, तरी त्या क्षणी वाटलं, चुकले मी. मग कंपनीच्या गेटवर लावला. वॉचमन म्हणाला, "आत हाय तो. बोलावतो, थांबा." मी थांबले. त्या थांबण्यात ती बाई मला पुरती कळली.

"आई, काय झालं गो? मी चहाला निघालेलो."

मी म्हटलं, "काय नाय. चहा घे."

संध्याकाळी घरी आल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्यानं पोलिसांच्या हेल्पलाइनवर तो नंबर कळवला. म्हणाला, गणपतीत त्यानं स्वतः नेटवर टाकलेल्या व्हिडिओंवरून त्या लोकांनी कॉम्प्युटरनं हुबेहूब त्याचा आवाज बनवला असणार. हल्ली थोडंसं बोलणं मिळालं तरी पुरतं. आता आमचं ठरलंय, असा फोन आला की ठेवायचा आणि आपल्याजवळच्या नंबरावर आपणच लावायचा. शेजारणींनाही मी तेच सांगत सुटलेय.

बाबा, अख्ख्या रोह्याचं बोलणं तुमच्या बूथमधून गेलं, पण तुमचा आवाज कुठेच साठवलेला नाही. हे पत्रही कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. उद्या कुणी तुमचा आवाज बनवून मला फोन केला, तर तो खोटा आहे हे मला पहिल्या शब्दाला कळेल. तरी मी फोन लगेच ठेवणार नाही.