कोणी राह्यलं का?

१२ नोव्हेंबर, संगमाजवळचा घाट

पोचले एकदाची! मोहर्लीहून निघाले तेव्हा धुकं होतं, इथे वर्धा-वैनगंगेच्या संगमावर लख्ख ऊन. बोट पाहून हसूच आलं. लोखंडी, निळी, मागे इंजिन, मध्ये दोन खोल्या आणि वर चक्क शीड. शिडावर वाघ रंगवलाय! ताडोब्यात वाघ पाहून झालेले पर्यटक पुढे 'साहसी जलसफरी'ला इकडे यावेत, प्राणहितेनं थेट सिरोंचापर्यंत जावेत, असा मालकाचा बेत. दसरूभाऊ म्हणतात, शीड फोटोपुरतं, खरं काम डिझेलचं.

उद्या निघायचं ते नुसतं चाचणीला, पाहुणे नाहीत. आम्ही चौघंच. दसरूभाऊ सुकाणूवर, ढिवर माणूस, सगळा जन्म नावेवर गेलेला. इंजिनाला बल्लारपूरचे नूरुद्दीन चाचा. मालक श्रावण, ज्याला सगळे श्रावणभाऊ म्हणतात. आणि स्वयंपाकाला मी, रिसॉर्टची नोकरी सोडून आलेली संघप्रिया.

संध्याकाळी लाखोरीच्या डाळीचे वडे केले. श्रावणभाऊंनी मागून मागून घेतले. म्हणाले, बाई, तुह्या हाताले चव हाय. खाऊ दे. बळीच्या बकऱ्यालाही आधी चारा घालतातच.

१३ नोव्हेंबर

वही माझीच आहे, तेव्हा लिहून टाकते.

माझा पाठचा भाऊ धम्मदीप याच श्रावणच्या जुन्या बोटीवर कामाला होता. पल्याड तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या बायांना ती बोट नेत असे. सुटण्याआधी घाटाकडे तोंड करून "कोणी राह्यलं का?" अशी हाक द्यायची, हे धम्माचं काम. गेल्या वर्षी मोहघाटावर बोट गच्च भरली. धम्मा म्हणाला, आता बस. श्रावण म्हणाला, आणखी एक हाक दे. त्यानं दिली. मधल्या धारेत बोट उलटली, बाया बुडाल्या. सुकाणूवर श्रावण होता. तो पोहत काठाला लागला आणि पोलिसांना त्यानं सांगितलं की बोट पोरगंच चालवत होतं.

वाचलेल्या बायनाबाईनं मला हे सगळं सांगितलं. तिचं दुसऱ्या कोणी ऐकलं नाही. धम्मा सापडला नाही, पण दोष त्याच्या नावावर लागला. आई अजून विहारात मागच्या रांगेत मान खाली घालून बसते.

श्रावण सांत्वनालाही आमच्या दारी फिरकला नाही, म्हणून तो मला ओळखत नाही. बरंच झालं. मला त्याच्या तोंडून खरं ऐकायचंय आणि मग त्याला रडताना बघायचंय. याच क्रमानं.

दसरूभाऊही प्रत्येक घाटावर ती हाक देतात, घाटावर चिटपाखरू नसलं तरी. त्यांचा नियम असा, की हाकेला जो हो म्हणेल त्याला घ्यावंच लागतं. आणि ज्यानं हाक दिली, त्यानंच पल्याड नेऊन 'उतरा' म्हणायचं, दुसऱ्याचं चालत नाही. उद्या मोहघाट लागेल, तिथे मात्र हाक द्यायची नाही. मी विचारलं काऊन, तर म्हणाले, "तिथी हो म्हणणारे लय हायेत, बाई."

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. पण श्रावणचा चेहरा पडला, तो मी बघून ठेवलाय.

१४ नोव्हेंबर

इंजिनाच्या पंख्यात गवत अडकलं म्हणून मोहघाटाला लागावंच लागलं. चाचांनी गवत काढेपर्यंत श्रावण खोलीबाहेर आला नाही. निघताना दसरूभाऊंनी हात जोडले आणि मुकाट्यानं बांबूनं बोट लोटली.

मी पुढे जाऊन उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "कोणी राह्यलं का?" अगदी धम्मासारखं. भुतांसाठी नाही, श्रावणसाठी. तो धडपडत बाहेर आला. त्याचं तोंड बघून मला खदखदून हसू आलं.

मग बोट दबली. कोणी काठावर पाय देऊन चढलं की दबते, तशी. लगेच पुन्हा. मग पुन्हा, पुन्हा. भर सकाळी, उन्हात. दसरूभाऊ डोक्याला हात लावून खाली बसले. चाचा काहीतरी पुटपुटू लागले.

मी हसायची थांबले.

१५ नोव्हेंबर

पाणी बोटीच्या काठाला टेकलंय. चाचांनी तळाची फळी उघडून पाहिली, आत थेंब नाही. तरी बोट गाभण म्हशीसारखी चालते.

ओल्या मिरचीचा वास. सगळे ठसकतोय. माझा तिखटाचा डबा घट्ट बंद आहे, मी दोनदा पाहिला.

श्रावणचे तळहात भाजल्यासारखे लाल झालेत. पाण्यात बुडवतो, तर आणखी आग होते म्हणून रडतो. खाटेवर कोणी बसलंय म्हणून बाहेर येतो. बाहेरही अंग चोरून बसतो आणि सारखा म्हणतो, "सरका ना बाई, सरका." मी त्याला जेवण द्यायला गेले. मलाही अंग चोरून जावं लागलं. माझ्या हाताला ओलं लुगडं घासलं.

घाबरले. खोटं कशाला, आनंदही झाला. त्याला सांगून टाकलं की मी धम्माची बहीण.

१६ नोव्हेंबर

दसरूभाऊ काकुळतीला आले. म्हणे, बोट पल्याड लावतो, तू 'उतरा' म्हण, मालक तुह्या भावाले दोन शब्द बोलन, आटपून टाकू. मी म्हटलं, आधी खरं.

श्रावणनं सांगितलं. सगळं. बोट मीच चालवून राह्यलो होतो, पोरगं नाई म्हणत होतं, मीच हाक द्याले लावली. मी फोनमध्ये भरून घेतलं. मग तो माझ्या पायाशी रडला.

दोन्ही झालं. क्रमानं झालं. दसरूभाऊंनी सुकाणू वळवलं.

मी म्हटलं, थांबा. अजून थोडं रडू दे.

तो सरकत होता. सरका, सरका म्हणत स्वतःच सरकत होता. बोटीच्या काठापर्यंत, आणि तिथून पाण्यात. कोणी ढकललं नाही, मी डोळ्यांनी पाहिलं. पाणी गुडघाभर. खालची वाळू दिसत होती.

वर आला नाही. बांबूनं चाचपलं. काहीच नाही.

मला वाईट वाटलेलं नाही.

१७ नोव्हेंबर

पल्याड लागलो. मी 'उतरा' म्हटलं. बोट हलकी होत गेली — वर, वर. वाळूवर ओली पावलं उमटली, मिरचीच्या रानाकडे गेली. सगळी बायांची. धम्माचे पाय केवढे मोठे — ते नव्हते.

दसरूभाऊंना विचारलं, माझा भाऊ का उतरला नाही. ते माझ्याकडे बघेनात. "नावेवरचा माणूस उतारू नसते, बाई. मालक जा म्हणन तवाच तो सुटते."

काल मालक माझ्या पायाशी होता. एक शब्द. 'जा' म्हण, एवढंच सांगायचं होतं. मी त्याला रडू दिलं.

ते दोघे गावातून माणसं आणायला गेलेत. मी बोटीवर. धुकं उतरतंय.

इंजिनाचा आवाज. आमचं बंद आहे —

जुनी बोट. रिकामी. सुकाणूवर श्रावण, तळहात लाल. मीच पाठवला त्याला. धम्माकडे मीच पाठवला.

धम्मा पुढे उभा आहे. श्रावण काहीतरी सांगतो. धम्मा हाक देतो.

मी नाही बोलणार. हो म्हटलं की —

पुन्हा. आवाज बसलाय त्याचा. वर्षभर ओरडून —

त्यानं मला पाहिलं. मान हलवतो, नको म्हणतो. श्रावण हाताचं एक बोट वर करतो. आणखी एक हाक.

दसरूभाऊ, फोन चुलीजवळ आहे. आईला ऐकवा. पुढच्या रांगेत बस म्हणावं —

एकटा आहे तो. त्याच्यासोबत एकटा —

पुन्हा —

हो धम्मा, मी राह्य