विजयाचं जेवण

चोआ चू कांग, सिंगापूर,
१२ एप्रिल २०२६

प्रिय योगिनी,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. श्रियाची परीक्षा संपली, निशिकांतचा खोकला एकदाचा गेला. तुझा स्टीलचा डबा माझ्याकडेच आहे, विसरलेली नाही. फोन केला असता, पण फोनवर मी आधी रडते आणि बोलायचं राहून जातं.

काल मंडळाच्या नव्या कार्यकारिणीची पहिली बैठक झाली. अध्यक्ष म्हणून मधल्या खुर्चीत मी. पहिलाच ठराव आला तो मुलांचा रविवारचा मराठी वर्ग बंद करण्याचा. त्या वेळेला हॉल नाचाच्या तालमींना हवाय म्हणे. माझा सोडून सगळे हात वर गेले. अध्यक्षाला विरोध नोंदवता येतो, ठराव अडवता येत नाही. खाली सही मात्र त्याचीच लागते.

घरी आले तर श्रिया म्हणाली, "पण यू वन व्हॉट, आई. प्रेसिडेंट कॅनॉट से नो, मेह?" म्हणजे तिच्या सिंगापुरी इंग्रजीत, जिंकलीस तर तूच, मग अध्यक्षाला नाही म्हणता येत नाही का? निशिकांत म्हणाला, "देश असो नाहीतर मंडळ, ठराव बहुमतानं होतात. ती माणसं निवडायला आपण थांबलोच नाही."

थांबलो नाही, कारण तुझ्याकडे जेवायला आलो.

निवडणुकीच्या दिवशी माझा निकाल लागला, टाळ्या झाल्या. कार्यकारिणीचं मतदान व्हायचं होतं, आणि तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "चला आमच्याकडे पुंगोलला, पुऱ्या गार होतील. अध्यक्ष आपला झाला, आता उरला तो नुसता सोपस्कार." आपली सगळी माणसं उठली. मीही उठले, गळ्यातल्या हारासकट. वर्ग वाचावा म्हणून ज्यांनी मला मत दिलं, ते सगळे तुझ्या घरी श्रीखंड ओरपत होते.

घरचा यजमानच, दीपेश, दिसेना म्हणून मी विचारलं. तू म्हणालीस, "बर्फ आणायला गेलाय." तुमच्या ब्लॉकखालीच तर दुकान आहे, योगिनी. तो आला तेव्हा आमची जेवणं उरकली होती. हातात बर्फ नव्हता, आणि तू विचारलंही नाहीस. मीच वेडी हसून म्हणाले, उन्हात वितळला असेल.

संध्याकाळी निकालाची यादी आली, तेव्हा कळलं की तो त्या रिकाम्या हॉलमध्ये निवडून येत होता. तरी मी गप्प राहिले. म्हटलं, आत आपला माणूस आहे, वर्गाला धक्का लागू देणार नाही. तुमचा रुचिर त्याच वर्गात आजीला पत्र लिहायला शिकला ना.

कालचा ठराव दीपेशनंच मांडला.

माझ्याविरुद्ध उघड उभी राहिली असतीस तर भांडले असते आणि विसरलेही असते. तू मला आग्रह करकरून वाढलंस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

डबा परत पाठवते आहे. रिकामा डबा कुणाला देऊ नये, ही आईची शिकवण मी आजवर मोडली नव्हती. या वेळी तुझ्यासाठी काही करायला हात उचलेना, म्हणून हे पत्रच त्यात घातलं.

सहीपुरती अध्यक्ष,
सुलेखा